कोकिळानं दिलेली पाचची वेळ

कोकिळाचं विमान सकाळी दहा वीसला सुटणार होतं, म्हणून हिवरा आश्रम या आमच्या गावाहून आम्ही तेरा जण तिला संभाजीनगरच्या विमानतळावर पोचवायला गेलो. तिकीट एकच होतं. पण आमच्याकडे पोचवायला गेलेला माणूस गाडी सुटल्याशिवाय माघारी फिरत नाही, आणि गावातल्या जानरावच्या क्रुझर जीपमध्ये दाटीवाटीनं तेवढी माणसं मावतात.

कोकिळा पंपाच्या जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करते. ठाण्याच्या एका संस्थेनं तिला कारागीर महिलांचा पुरस्कार जाहीर केला. पत्रात लिहिलं होतं, संध्याकाळी पाचला मंचावर स्वतः हजर राहावे, अन्यथा पुरस्कार पुढच्या क्रमांकाला जाईल. सोबत मुंबईचं विमानाचं तिकीट. तिचे सासरे उकंडराव यांनी पुरस्काराची बातमी घरात सांगितली आणि तिकिटाची तीन गावांत.

विमान स्वस्तातलं होतं. पाण्याचे पैसे वेगळे, खिडकीचे वेगळे. उशीर तेवढा तिकिटातच.

दहाला उकंडरावांना कोकिळाचा आतून फोन आला. "मामाजी, अकरा वाजतीन म्हन्तेत."

"अकरा तं अकरा. विमान हाय थे, काही यष्टी नाई!"

सव्वादहाला अकराचे साडेअकरा झाले, साडेदहाला साडेबारा. कंपनीच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की दिलगिरी त्यांनी दर वेळी अगदी वेळेवर व्यक्त केली.

दारावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला विचारलं, "तुमचा माणूस आत गेला ना? मग थांबलात कशाला?"

"उडालेलं पाह्यल्याबिगर जाता येत नाई साहेब," जानराव म्हणाला.

"मग जेवण मागवून घ्या," पहारेकरी म्हणाला.

तेवढ्यात कोकिळानं काउंटरवरच्या मुलीला गाठलं. फोन चालूच होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं.

"बाई, बिघाड काय हाय?"

"तांत्रिक कारण आहे, मॅडम."

"तांत्रिकच इचारून राह्यली नं मी! वायंडिंग जळालं का बेअरिंग गेलं? सांग, म्हंजे किती वेळ लागन थे मलेच समजन."

"आम्हाला तेवढं सांगत नाहीत, मॅडम."

"बापा! मंग वेळ कशाच्या भरवशावर देता?"

मुलीनं पुन्हा दिलगिरी व्यक्त केली.

अकराला कोकिळा पिशवी घेऊन बाहेर आली. आत गेलेल्याला बाहेर सोडायला आणखी दोन सह्या लागल्या. त्यांना मात्र उशीर झाला नाही.

"मामाजी, चाला. ह्याईच्या साडेबाराचा काही भरवसा नाई. समृद्धीनं गेलो तं पाचच्या आत ठानं."

उकंडराव हबकले. "अवं, तीन गावांत सांगतलं मी! लोकं इचारतीन, सून विमानानं जानार होती नं? काय सांगू त्याईले?"

"मामाजी, मी मानसाले चारची वेळ देली तं चारले त्याच्या वावरात पानी चालू असते. अठरा वर्षांत एक डाव चुकली नाई. आज मी पाचची देली हाय. कशानं आली, थे पाचले कोन इचारते?"

उकंडराव थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले. तिथं काहीच उडत नव्हतं. मग पहाटेपासून मानानं अडवून ठेवलेल्या पुढच्या सीटवरून त्यांनी आपली टोपी उचलली, दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बस माय." मागे जाऊन स्वतःला आमच्यात कोंबून घेतलं.

वाटेत चहाला एकदाच थांबलो. कोकिळानं सात मिनिटं दिली होती. जानरावनं अर्धा कप तसाच सोडला.

पाचला दहा कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. तिचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या भिंतीपाशी आम्ही तेराही जण उभे होतो, आणि खुर्च्या नव्हत्या हे त्याचं कारण नव्हतं. साडीवर रस्त्याची धूळ तशीच घेऊन कोकिळा मंचावर गेली. दोन शब्द बोला म्हणाले. ती म्हणाली, "मोटर जळाली तं फेकू नका. माह्याकडे आना. जे वेळ सांगीन, त्या वेळेले देईन." आणि खाली उतरली. टाळ्या थांबेनात. आमचे तर हात लाल झाले.

नंतर संस्थेचे अध्यक्ष उकंडरावांपाशी आले. "सूनबाईंचा विमानप्रवास कसा झाला?"

सकाळपासून ज्या प्रश्नाची धास्ती होती तो हाच. उकंडरावांनी टोपी नीट केली, छाती पुढे काढली आणि अर्ध्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"विमानवाले अजून तिथंच बसेल हाईत साहेब. आमची सून आली."