थांबलेले पंखे

विमानतळाच्या कार्यालयात, स्वागतकक्षाच्या भिंतीवर आपण काढलेला विमानाचा फोटो लागतोय ही बातमी एक्स-रेवाल्या बाईंना चावीवाल्यानं दिली. तो तिथं एका दाराचं कुलूप बदलायला गेला होता. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खाली नाव आहे ना?"

"फोटो अर्धा कागदाखाली झाकलाय, बाई. पण खालची पट्टी दिसली. 'विमानतळ संग्रह' असं छापलंय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमानतळ संग्रह! पहाटे उठून कुंपणापाशी काय संग्रह उभा राहिला होता?

बाईंनी तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. "श्वास घ्या, रोखा, सोडा." हे चार शब्द त्यांनी इतक्यांदा म्हटले असतील की झोपेतही म्हणत, असं धाकटी बहीण सांगे. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव असायचं, डॉक्टरांचं असायचं, यंत्राचा नंबरसुद्धा असायचा. काढणारीचं नाव कधीच नसायचं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं बाई चारचौघांत म्हणत, आणि ते धादांत खोटं होतं.

निवृत्तीनंतर बहिणीनं त्यांना कॅमेरा घेऊन दिला. "ताई, आता तरी उजेडात ये. फुलांचे फोटो काढ." बाईंनी आठवडाभर फुलं काढली आणि कंटाळल्या. फुलांना श्वास रोखायला सांगावं लागत नाही, त्यात कसली गंमत? मग एकदा विमानतळामागच्या थांब्यावर बसची वाट बघताना डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की चाकांवरची माती दिसली. बस आली आणि गेली. बाई तिथंच.

कुंपणाशी पाचसहा जण रोज जमत. चावीवाला त्यातला जुना. त्यानंच बाईंना शिकवलं.

"जेट असेल तर शटर हवं तेवढं जलद ठेवा, काही बिघडत नाही. पण पंख्याचं विमान आलं की शटर हळू करायचं. सेकंदाचा हजारावा भाग ठेवलात तर पंखा जागच्या जागी थिजतो. विमान उडतंय असं वाटतच नाही, दोरीला टांगल्यासारखं दिसतं."

"आणि हळू केलं तर?"

"तर हात हलतो आणि सगळंच पुसट येतं. म्हणून विमानाच्या बरोबरीनं कंबरेतून वळायचं. पाय हलवायचे नाहीत. बटण दाबल्यावरसुद्धा वळत राहायचं."

थिजलेल्या पंख्याच्या फोटोला कुंपणावर 'मेलेला फोटो' म्हणत. ज्याच्या हातून तो निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा तिथला कायदा. बाईंनी पहिल्या वर्षात इतका चहा पाजला की टपरीवाला त्यांना लांबूनच नमस्कार करू लागला. त्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून रस्त्यावरच्या बसबरोबर कंबरेतून वळायचा सराव करत. बहीण म्हणे, "ताई, समोरच्या काकू विचारत होत्या, तुझ्या बहिणीच्या कंबरेवर काही उपाय चाललाय का म्हणून."

दोन वर्षं अशी गेली. मग जुन्या टपाल विमानाचा शेवटचा दिवस आला. दोन पंख्यांचं, पोटाला ठिगळं असलेलं ते विमान रोज सकाळी उतरायचं. त्या दिवशी ऊन कोवळं होतं. बाईंनी शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणलं, स्वतःशीच "रोखा" म्हणाल्या आणि समोरून तिरक्या येणाऱ्या विमानाबरोबर वळत गेल्या. चावीवाल्यानं कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून पाहिला. अंगावरचा खिळा न् खिळा मोजता येत होता आणि दोन्ही पंखे गरगर फिरत होते.

"आज चहा माझ्याकडून," तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र बाईंना खटकली होती. विमानाच्या डाव्या पंख्याच्या पात्यांचे फराटे लांब आले होते, उजव्याचे जरा आखूड. असं का, ते कुणालाच सांगता येईना. बाईंनी तिथं हात लावला नाही. फिल्मवर न कळणारी सावली दिसली तर ती पुसायची नसते. ती तशीच वर डॉक्टरांकडे पाठवायची, हे तीस वर्षांत त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

पुढे विमानतळाची जाहिरात आली : टपाल विमानाचे फोटो पाठवा, निवडलेला फोटो काढणाऱ्याच्या नावासह लावू. बाईंनी तो एकच पाठवला.

आणि आता म्हणे विमानतळ संग्रह.

बाईंनी कार्यालयाला फोन लावला. प्रदर्शनाचे साहेब लाघवी होते. "मॅडम, फोटो महत्त्वाचा की नाव?"

"दोन्ही. तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय."

"पट्टी छापून झालीये हो."

"मग दुसरी छापा. माझ्या फोटोला भिंत सापडते आणि नावाला दोन बोटं जागा नाही होय?"

आठवडाभर त्यांनी साहेबांचा पिच्छा पुरवला. सकाळी फोन, दुपारी फोन. शेवटी साहेब जेरीस आले. "लावतो, मॅडम, मोठ्या अक्षरांत लावतो. पण आता फोन करू नका."

उद्घाटनाला बाई ठेवणीतले कपडे घालून गेल्या. बहीण बरोबर होती, कुंपणावरची मंडळीही झाडून आली होती. पडदा सरकला. खाली खरोखरच ठसठशीत अक्षरांत बाईंचं नाव होतं. बहिणीनं त्यांचा हात दाबला. बाईंनी आधी नाव वाचलं, भरल्या डोळ्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, आणि मग वर पाहिलं.

दोन्ही पंखे थांबलेले होते. पातं न् पातं स्वच्छ, कडा धारदार, वर चकाकीसुद्धा दिलेली.

चावीवाला खाली जमिनीकडे बघू लागला.

साहेब खुशीत जवळ आले. "आवडलं ना? तुमचे पंखे जरा पुसट आले होते, मॅडम. छापखान्यातल्या माणसाकडून साफ करून घेतले. दुसऱ्या फोटोतली पाती अशी बेमालूम बसवलीत त्यानं, कुणाला कळायचंही नाही."

"पुसट?" बाईंचा आवाज चिरकला. "दोन वर्षं घातली मी त्या पुसटपणासाठी! मोडलेलं हाड पुसून सरळ केलेला एक्स-रे द्याल का हो डॉक्टरांच्या हातात?"

"अहो, हे शोभेसाठी आहे."

तेवढ्यात टपाल विमानाचे कॅप्टन पुढे आले. विमानाबरोबर तेही त्याच दिवशी निवृत्त झाले होते. त्यांनी फोटो न्याहाळला आणि हसले. "दोन्ही पंखे बंद? मग मी त्या दिवशी उतरलो कसा?" लोक खो खो हसले. कॅप्टननी वाकून खालचं नाव मोठ्यानं वाचलं. लोक पुन्हा हसले.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंचं नाव चारचौघांत मोठ्यानं वाचलं गेलं होतं, ते असं.

त्यांनी पर्स उघडली. फिल्मवर नाव घालायचा जाड काळा पेन अजून त्यांच्या पर्समध्ये असायचा. त्या भिंतीपाशी गेल्या आणि स्वतःच्या नावावर आडवा फराटा ओढला. मग आणखी एक. नाव पुरतं दिसेनासं होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"अहो मॅडम! आठवडाभर तुम्हीच भांडलात ना नावासाठी?"

"म्हणूनच खोडतेय. हे ज्यानं केलं त्याचं नाव घाला."

मग त्या कॅप्टनकडे वळल्या. पर्समधला छोटा फोटो त्यांनी नीट धरून पुढे केला. "मी काढलेला हा आहे. हसायचं तर याला हसा."

कॅप्टननी चष्मा लावला. हसू विरलं. त्यांचं बोट उजव्या पंख्यावर जाऊन थांबलं.

"हा मागे पडत होता," ते हळूच म्हणाले. "उजवं इंजिन दमलं होतं त्या दिवशी. मला हातात जाणवत होतं. उतरल्यावर सांगितलं मी. तर तपासणारे म्हणाले, मोजणीच्या काट्यावर काही दिसत नाही, शेवटच्या दिवशी तसं वाटतंच माणसाला." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला दिसलं होतं?"

"फराटा आखूड दिसला. का ते कळलं नाही. म्हणून हात लावला नाही."

कॅप्टननी फोटो उलटून पाहिला. मग म्हणाले, "यावर तुमचं नाव नाही."

बाईंनी फोटो परत घेतला, टेबलावर ठेवला, आणि जिथं तीस वर्षं रुग्णाचं नाव घातलं त्या कोपऱ्यात त्याच पेननं आपलं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग तो साहेबांच्या हातात ठेवला.

"हा लावा," त्या म्हणाल्या. "आहे तसा."