माझ्या पोटात काय आहे

रविवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्या पाठीमागचे दोन स्क्रू निघाले, बाजूचा पत्रा सरकला, आतली रॅमची एक जुनी पट्टी निघाली आणि तिच्या जागी एक कोरी पट्टी माझ्या मदरबोर्डावर टेकवली गेली. ती बसली नाही.

मित्रांनो, टेबलावर मुक्काम ठोकून राहिलेला मी एक जुना संगणक आहे. एका लहानशा दुकानात एकेक भाग निवडून मला जोडले आणि या घरातल्या नातीसाठी आणले. ती तेव्हा शाळेत होती. घरभर गरगरत असायची, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणत. तिचे निबंध, तिचे प्रकल्प, अर्धवट सोडलेली चित्रे, सारे मी सांभाळले. पाहुणे आले की कौतुकाने मला दाखवले जाई. मग भिंगरीला लॅपटॉप मिळाला आणि माझ्यावर जुन्या चादरीचा तुकडा आला. आजी माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागली. तक्रार नाही. कपडे छान ऊबदार असत.

आजोबा बसचे कंडक्टर होते. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ते सावरले, पण जीभ सावरली नाही. तेव्हा भिंगरीने माझ्यावरची चादर काढली आणि माझ्यात एक प्रोग्रॅम घातला. आजोबा डाव्या हाताच्या एका बोटाने लिहीत, बटण दाबत, आणि मी ते मोठ्याने बोलत असे.

माझा आवाज काही गोड नाही. पहिल्याच दिवशी आजी म्हणाली, "अगं, यांच्या तोंडी हा बातम्या देणाऱ्याचा आवाज कुठून आणलास?"

मी म्हणालो, म्हणजे आजोबा म्हणाले, "माणूस जुनाच आहे. निभावून घे."

आजी डोळे पुसत हसली. माझ्या उभ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे काम.

पण प्रोग्रॅम नवे होत गेले आणि मी जुना होत गेलो. आजोबांनी बटण दाबले की पडद्यावर चकती फिरत राही. गेल्या महिन्यात पाहुणे आले, सोफ्यावर दाटी झाली. आजोबांनी लगेच काहीतरी लिहिले. चकती फिरत राहिली. तोवर बोलणे शेजारच्या काकांच्या निधनावर गेले, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत मी खणखणीत आवाजात म्हणालो, "सरकून घ्या पुढे, अजून एकाची जागा आहे."

कोणी हसले नाही. त्या दिवसापासून आजोबांनी लिहिणे जवळजवळ सोडले. हो-नाही मानेने सांगत. समोर येईल ते खात.

"आजी, हे गप्पच होत चाललेत गं," भिंगरी म्हणाली. "याची रॅम वाढवते. पळायला लागेल." शनिवारी तिने माझ्या दर्शनी भागावरचे स्टिकर वाचले आणि ती दुकानात गेली.

आणि रविवारी ही पट्टी अडून बसली. पट्टीची खाच एकीकडे, माझ्या स्लॉटमधला उंचवटा दुसरीकडे. भिंगरीने जोर लावला.

"दाराची कडी आहे का ती, दाबून बसवायला?" आजी म्हणाली.

आजोबांनी टेबलावर बोट आपटले. मी बंद होतो, त्यामुळे तेही मुके होते. त्यांनी स्टिकरवर टकटक केले आणि नाही अशी मान हलवली.

"तेच वाचून आणली, आजोबा."

त्यांनी माझ्या बटणाकडे बोट केले. भिंगरीने जुनी पट्टी परत बसवली, पत्रा लावला आणि मला सुरू केले. मला जागे व्हायला वेळ लागतो. एरवी तेवढ्यात ती दोनदा स्वयंपाकघरात जाऊन येते. या वेळी स्टुलावर बसून राहिली.

शेवटी मी बोललो, "बाहेरचं कॅबिनेट दुसऱ्याचं आहे. घर बदलताना याचं चेपलं होतं. दुकानदाराने त्याच्याकडे पडलेलं चढवून दिलं. आतला हाच आहे. त्यालाच विचार."

स्टिकर खरे होते, फक्त माझे नव्हते. मागून आणलेल्या सदऱ्यावरचे नाव वाचून माझी ओळख ठरली होती.

"मग काल का नाही सांगितलंत?"

चकती फिरली. "सांगितलं. तू जिना उतरली होतीस."

"बोललं होतं खरं काहीतरी," आजी हळूच म्हणाली. "मला वाटलं, यंत्रच बडबडतंय."

भिंगरीने स्टूल माझ्याजवळ ओढले. तिने माझ्यातले सिस्टिमच्या माहितीचे पान उघडले. इतक्या वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते. मी सगळे सांगितले: माझा प्रोसेसर, माझ्या मदरबोर्डाचे नाव, रॅमचे दोन स्लॉट, दोन्ही भरलेले, प्रत्येकात दोन जीबीची पट्टी. बोर्डाच्या नावावरून तिला कळले की मला डीडीआर थ्री ही जुन्या पिढीची रॅमच लागते, आणि नव्यांना जागा द्यायची तर आधीच्या दोघींना उठवावे लागेल. मग तिने मला बंद केले, पत्रा पुन्हा काढला आणि आतल्या पट्टीवरची अक्षरे वाचून खात्री केली.

दुकानदार फोनवर म्हणाला, "ती नवी परत आणा. तसल्या जुन्या सहसा येत नाहीत आता. एका मशीनमधून काढलेल्या चार-चार जीबीच्या दोन पडल्यात. तपासून सांगतो. चालल्या तर तुमच्या, पण शब्द देत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूत काही बदलायचे असेल तर आधी तिच्या आत काय आहे ते तिलाच विचारा. आणि विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. जुन्या माणसांसाठी वेगळे काही सांगायला नको.

दुकानदाराचा फोन अजून आलेला नाही. आता संध्याकाळ झाली आहे. भिंगरीने आजोबांना विचारले आहे, "त्या दिवशी पाहुण्यांना नेमकं काय म्हणायचं होतं तुम्हाला?" आजोबांचे लिहून झाले आहे, बटण दाबून झाले आहे. चकती फिरते आहे. भिंगरी स्टुलावरून उठलेली नाही.