उंबरठ्याबाहेरचा

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे. 'जुना' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कुत्र्यांच्या निवाऱ्यातली माणसं मला 'ज्येष्ठ' म्हणत आणि माझ्या पिंजऱ्यावर तशी पाटीही लावत, जणू मी आता उठून सभेत दोन शब्द बोलणार आहे. मी नुसता जुना आहे. घरातलं जुनं कपाट असतं तसा मोठा, जड, कुठल्याही कोपऱ्यात न मावणारा.

तुम्ही लहान आहात, म्हणून आधीच बजावतो. माझी गोष्ट ऐकून 'अरेरे' म्हणायचं नाही. मी आयुष्यात पुष्कळ 'अरेरे' ऐकले आहेत. ते म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी घड्याळ बघतो.

माझा जन्म कुत्री विकणाऱ्या एका माणसाच्या मागच्या अंगणात झाला. गिऱ्हाइकं येऊन आम्हा भावंडांना उलटंपालटं करून बघत. माझे पंजे दाबून म्हणत, "हा चांगला थोराड होणार." थोराड होणं हा काही गुण नाही, भोपळाही थोराड होतो. पण माणसांना दाराशी काहीतरी मोठं बांधून ठेवायला फार आवडतं. एका लाकडाच्या वखारीच्या मालकाने मला उचललं आणि त्या दिवसापासून मी राखणदार झालो.

वखारीत ओंडके होते, फळ्या होत्या, दिवसभर करवत चालायची आणि सगळीकडे भुसा उडायचा. मधोमध मालकांची कचेरी होती. तिची फरशी थंडगार होती आणि दाराला सागाचा जाड उंबरठा होता. मी तेव्हा पिल्लू होतो. एका दुपारी ऊन सोसेना म्हणून मी तो उंबरठा ओलांडून आत गेलो आणि फरशीवर पोट टेकलं. मालकांनी काठी उचलली आणि माझ्या नाकावर मारली.

"बाहेर! कुत्र्याची जागा उंबरठ्याच्या बाहेर!"

मला गोष्ट एकदाच सांगावी लागते. माणसांना चार-चारदा सांगूनही कळत नाही, ते सोडा. त्या दिवसानंतर मी कुठल्याही दाराचा उंबरठा ओलांडला नाही. उन्हात नाही, पावसात नाही, कचेरीत कोणी नसताना नाही. हळूहळू मला त्या नियमाचा अभिमानच वाटू लागला. सोफ्यावर लोळणाऱ्या, मालकिणीच्या ताटात तोंड घालणाऱ्या कुत्र्यांबद्दल ऐकलं की मला किळस यायची. उंबरठ्याच्या आत माणसं आणि बाहेर मी, अशी जगाची सरळ वाटणी होती.

मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हा आहे म्हणून मला झोप लागते." ऐकून माझी छाती फुगायची. पुढे माझ्या मागच्या पायांचे सांधे कुरकुरू लागले, तेव्हा मालकांनी भिंतींवर लिंबाएवढे कॅमेरे बसवले. आता त्यांना कॅमेऱ्यांमुळे झोप लागू लागली. एक दिवस त्यांनी मला टेम्पोत चढवलं, निवाऱ्याच्या फाटकाला बांधलं, पाठीवर दोनदा थोपटलं आणि 'अरेरे' म्हणाले. मग घड्याळ बघितलं.

निवाऱ्यात सुट्टीच्या दिवशी पाहुणे येत. पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी त्यांचा आवाज बारीक होई. "किती गोड आहे गं! बघ बघ, कसा बघतोय!" तेच लोक माझ्यासमोर आले की त्यांच्यातला हिशेबी माणूस जागा होई.

"बाप रे! हा खातो किती?"

"अजून किती वर्षं काढेल?"

असे प्रश्न जुनी गाडी घेताना विचारतात. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून झोपत असे. माझी पाठ बरीच मोठी आहे. ती बघायला त्यांना वेळ लागे.

मग एक हौशी जोडपं आलं. त्यातला नवरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्या कुत्र्यांना कोणी नेत नाही ना? मग आम्ही म्हाताराच नेणार!" माझा पट्टा हातात घेण्याआधी त्याने फोन हातात घेतला. माझ्याबरोबर त्याचे फोटो निघाले, तिचे निघाले, दोघांचे मिळून निघाले. मला कोणी विचारलं नाही की तुझी चांगली बाजू कोणती.

त्यांच्या घराला काळ्या दगडाचा उंबरठा होता. मी त्याच्या अलीकडे बसलो.

"अगं, हा आत का येत नाही?" नवरा म्हणाला.

"ओढ ना जरा."

"ओढू कसा? फ्रीज ओढतोय असं वाटतंय."

त्यांनी आत मांसाचे तुकडे ठेवले. मी ते लांबून पाहिले. त्यांनी आतून टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, शेवटी ती रडलीसुद्धा. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये झोपलो आणि त्यांच्या घराची इमानाने राखण केली. शेजाऱ्यांना जिना उतरायला वाट उरेना. थोड्याच दिवसांत त्यांनी मला निवाऱ्यात आणून सोडलं. ती निवाऱ्याच्या मॅडमना म्हणाली, "त्याचं मन आमच्याशी जुळलंच नाही हो." मनाचा काय संबंध होता? पण आपलं मन सोडून जगात दुसरं काही असतं, हे अशा लोकांना पटत नाही. फोटो मात्र त्यांनी काढून टाकले नसणार.

निवाऱ्याच्या पिंजऱ्यांना उंबरठे नव्हते. त्यामुळे माझा नियम तिथे कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे एक दिवस कपडे शिवणारी एक बाई निवाऱ्यात आली. ती मला बघायला आली नव्हती. कुत्र्यांच्या गाद्यांच्या खोळी शिवून आणल्या होत्या, त्या द्यायला आली होती. मी फाटकाच्या वाटेत पसरलो होतो.

"हा वाटेतून उठत नाही का?" तिने विचारलं.

"वय झालंय हो त्याचं," मॅडम म्हणाल्या.

"वय माझंही झालंय. मी उठते की."

मी मान वर करून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'अरेरे' नव्हतं. उलट मी माणसांकडे ज्या नजरेने बघतो, साधारण त्याच नजरेने ती माझ्याकडे बघत होती.

"राखण करेल?" तिने विचारलं. "माझं दार दिवसभर उघडं असतं. गिऱ्हाईक सोडून भलतेच लोक डोकावतात."

"जन्मभर तेच केलंय त्याने."

"मग द्या. पण नाही पटला तर परत आणीन, हे आताच सांगते."

मॅडमनीही आपली अट सांगून टाकली. थंडी पडायच्या आत मी घरात झोपू लागलो पाहिजे. बाहेरच्या गारठ्यात माझे सांधे टिकणार नाहीत. त्या जोडप्याकडे मी बाहेरच झोपलो हे त्यांच्या कानावर आलं होतं; इथेही आत गेलो नाही, तर त्या स्वतः येऊन मला घेऊन जातील. त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. दोनदा परत आलेल्या म्हाताऱ्याला मागच्या ओळीतला पिंजरा मिळे आणि पाहुण्यांना मागची ओळ दाखवत नसत.

शिवणाऱ्या बाईचं घर गल्लीत, तळमजल्यावर होतं. पुढे छोटा व्हरांडा, मग दार, आणि दाराच्या आत उजेडाला लावलेलं शिवणयंत्र. दाराला उंबरठा होता. सागाचा. मी व्हरांड्यात बसलो.

मित्रांनो, ते घर मला आवडलं होतं. यंत्राचा आवाज आवडला. बाई तोंडात टाचण्या धरून दाताआडून बोलायची, तेही आवडलं. ती मला 'साहेब' म्हणायची.

"साहेब, आत येता का? की आमंत्रणपत्रिका छापू?"

मी तिच्याकडे बघायचो. मला आत जायचं होतं. पण मी राखणदार होतो, आणि समोर उंबरठा होता.

तिने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने माझे मागचे पाय वाकवून बघितले, सरळ करून बघितले आणि फार मोठा शोध लागल्यासारखा म्हणाला, "सांधे गेलेत. याला पाय उचलता येत नसणार, म्हणून तो आत येत नाही."

मूर्ख माणूस. रोज सकाळी फिरायला जाताना गल्लीच्या तोंडाशी एक उघडं गटार लागे. ते त्या उंबरठ्याहून दुप्पट रुंद होतं आणि मी ते एका ढांगेत ओलांडत असे. दुखायचं, पण ओलांडायचो. पट्टा बाईच्याच हातात असे. ती स्वतः बाजूला गटारावर टाकलेल्या फरशीवरून, आपली पावलं सांभाळत पलीकडे जायची आणि मी कसा आलो हे बघायचीच नाही. माणसांना डोळे असतात ते टाचणी शोधण्यापुरते.

"असं आहे होय," बाई डॉक्टरला म्हणाली आणि तिने उंबरठ्याकडे बघितलं.

हवा बदलू लागली. सकाळी व्हरांड्याची फरशी इतकी गार पडे की मला उठायला दोन प्रयत्न लागत. मॅडमचा निरोप आला, येत्या रविवारी येते. बाईची धाकटी बहीण त्याच आठवड्यात आली आणि माझ्या अंगाला वळसा घालून घरात गेली.

"ताई, देऊन टाक गं त्याला. हे धूड सांभाळायचं तुझं वय आहे का? आणि जगणार किती तो?"

"तू मला हेच विचारत जा. माझ्याबद्दलही हिशेब करून ठेवला असशील."

"काहीतरीच बोलतेस! मी तुझ्या भल्याचं सांगते."

"माझं भलं नंतर बघ. आधी शेजारच्या सुतारकाकांना हाक मार."

सुतारकाका करवत आणि पटाशी घेऊन आले. बाईने बोट दाखवलं. "हा उंबरठा काढून टाका."

बहिणीने डोक्याला हात लावला. "कुत्र्यासाठी घराचा उंबरठा काढतेस? उंदीर येतील, पाणी येईल. लोक काय म्हणतील?"

"लोकांचे कपडे मी शिवते. ते काय म्हणतात ते मला मापं घेतानाच कळतं. काका, तुम्ही चालू करा."

"खाली रबराची पट्टी लावून देतो," काका म्हणाले आणि त्यांनी करवत चालवली.

मी कान ताठ केले. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होतो! भुसा उडून माझ्या नाकापाशी आला. मी हुंगला. वरून तो साग होता, पण आतून वाळवीने पार खाल्लेला होता. वखारीत असलं लाकूड आम्ही जळणात टाकत असू, आणि मी इतके दिवस त्याच्यापुढे मान खाली घालून बसलो होतो. माझी सगळी तुच्छता त्या क्षणी माझ्याच अंगावर येऊन पडली.

तरी मी उठलो नाही. उंबरठा गेला होता, पण तो कुठे होता हे मला नीट दिसत होतं. जमिनीवर फिकट पट्टा उरला होता आणि मला ती काठी आठवत होती. काका गेले, बहीण तणतणत गेली. बाईने भुसा झाडून काढला आणि यंत्रावर जाऊन बसली. तिने हाक मारली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. तोंडातल्या टाचण्या काढून ती एवढंच म्हणाली, "साहेब, नाही आलात तरी माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या बाजूने आता अडथळा नाही, एवढं लक्षात ठेवा."

तिचं सगळंच चुकलं होतं. माझ्या पायांचा प्रश्नच नव्हता. त्या डॉक्टरचं ऐकून तिने चांगलं दार खराब करून घेतलं होतं. पण मित्रांनो, आजवर माणसांनी माझ्या वाटेत काठी घातली, साखळी घातली, मांसाचे तुकडेसुद्धा घातले. माझ्या वाटेतून काही काढणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. चुकीच्या समजुतीने का होईना, तिने माझ्यासाठी स्वतःचं घर कापलं होतं.

मी उठलो. दोन प्रयत्न लागले. फिकट पट्ट्यापाशी थांबलो आणि नाकावर मार बसेल म्हणून डोळे मिटले. मग आत गेलो. यंत्राखाली चिंध्यांचा ढीग होता, त्यावर अंग टाकलं. बाईने यंत्र थांबवलं नाही. फक्त पायट्यावरचा एक पाय काढून माझ्या पाठीला टेकवला आणि एकाच पायाने यंत्र चालवत राहिली.

रविवारी मॅडम आल्या, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या इस्त्री केलेल्या पँटवर झोपलो होतो. त्या मला न घेताच गेल्या.

उंबरठ्याचा एक तुकडा वाळवीतून वाचला होता. सुतारकाकांनी त्याला पाय लावून माझ्या भांड्यासाठी बुटकं स्टूल केलं, म्हणजे जेवताना मला मान खाली घालावी लागू नये. आता मी त्यावरच जेवतो.

आता तुम्हाला माझ्याकडून बोध हवा असेल. बोध घ्यायला तुम्ही सगळे तयार असता, घरी गेल्यावर तो कुठे ठेवता देव जाणे. तरी सांगतो. म्हातारा कुत्रा घरी आणायचा असेल, तर उपकार घेऊन येऊ नका, आमच्याकडे ते ठेवायला जागा नाही. फोन घेऊनही येऊ नका. करवत घेऊन या.

बाई अजून येईल त्या गिऱ्हाइकाला फुशारकीने सांगते, "साहेबांना पाय उचलवत नाही ना, म्हणून उंबरठाच काढला." मी डोळे मिटून ऐकतो. गल्लीच्या तोंडाशी ते गटार अजून उघडंच आहे आणि अजूनही मी ते एका ढांगेत ओलांडू शकतो. पण हल्ली ते आलं की मी थांबतो, पाय उचलवतच नाही असा चेहरा करतो आणि तिच्या मागोमाग, लंगडत, फरशीवरून पलीकडे जातो.