खारूचा रंग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे फार नव्हे. माझ्या वयाच्या मुलांचे अजून दुधाचे दात पडत असतात. पण आमच्या जातीत दोन-तीन वर्षं झाली की नवा भाऊ बाजारात येतो आणि आम्ही एकदम आजोबा होऊन बसतो. सध्या मी एका कपाटाच्या वरच्या खणात असतो. तोंडावर झाकण आहे. समोरचं काही दिसत नाही, म्हणून मागचंच आठवत राहतं.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, का, तर धुळीचा एक कणसुद्धा माझ्या पोटात जाऊ नये. माझा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पाटी, नेहमीच्या कॅमेऱ्यांपेक्षा बरीच मोठी आहे. म्हणून आम्हाला मीडियम फॉरमॅट म्हणतात. आधीच्या पिढीतल्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असे. बटण दाबलं की तो खटकन वर उडे. मला आरसा नाही. समोर जे असेल ते थेट माझ्या पाटीवर उतरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी देतो तो फोटो नसतो, ती कच्ची फाईल असते. रॉ फाईल म्हणतात तिला. कुंभारापुढे मळलेली माती असते ना, तशी. ती संगणकावर उघडायची, तिच्यातला उजेड आणि रंग कमीजास्त करायचे, मग तिचा फोटो तयार होतो. माती मी खोटी देत नाही. मडकं कसं घडेल ते मात्र माझ्या हातात नाही.

मला ज्यांनी घरी आणलं ते फोटोग्राफर होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. भिंतीवर राखाडी कागदाची मोठी गुंडाळी, दोन दिवे, खिडकीला जाड काळा पडदा आणि मधोमध एक लाकडी स्टूल. लोकांचे फोटो काढून घर चालायचं, पण बाबांचा जीव रमायचा कॅमेऱ्यांची तुलना करण्यात. कोण रंग बरोबर देतो, कोणाच्या सावल्यांत दाणे दिसतात, कोणत्या प्रोग्राममध्ये कच्ची फाईल नीट उघडते, हे ते बारकाईने तपासत आणि इंटरनेटवर लिहीत. कुठले कुठले लोक ते वाचून कॅमेरे घेत. त्यांची थोरली बहीण एकदा राहायला आली होती. ती म्हणाली, या घरात कॅमेऱ्यांना गाद्या आणि माणसांना सतरंजी. बाबा हसले. पण माझी पेटी आतून खरोखरच फार मऊ होती.

खारू ही त्यांची मुलगी. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ती एका जागी बसत नसे आणि सारखं काहीतरी कुरतडत असे, पेन्सिल, फ्रॉकची कॉलर, नखं. म्हणून तिची खारू झाली. रंग तपासायला रंगांच्या चौकोनांचं एक कार्ड असतं, पण ते कितीही चांगलं असलं तरी कॅमेऱ्याची खरी परीक्षा माणसाच्या चेहऱ्यावर होते. आणि घरातल्या घरात मिळणारा चेहरा खारूचा. रविवारी बाबा तिला स्टुलावर बसवत, हातात ते कार्ड देत आणि म्हणत, हलू नकोस. ती हलायचीच. कधी जीभ दाखवायची, कधी कार्डाआड लपायची, कधी स्टुलावरून उडी मारून थेट माझ्या तोंडाशी यायची. फोटो हललेले निघत. तुलनेला हललेला फोटो काय कामाचा? बाबा ते पुसून टाकत.

एका उन्हाळ्यात माझा नवा भाऊ घरी आला. ओळखीच्या दुकानदाराने तो काही दिवस तपासायला दिला होता. दोन स्टँडवर आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. उंची सारखी, उजेड सारखा, समोर खारूही तीच. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटत होता.

त्या दिवशी खारू हलली नाही. कार्ड हनुवटीखाली धरून ती बसून राहिली. बाबा खूश झाले. म्हणाले, आता कशी शहाण्यासारखी बसतेस!

मित्रांनो, ती शहाणी झाली नव्हती. ती थकली होती. तिच्या पापण्या खाली येत होत्या, पुन्हा वर जात होत्या. हे मला दिसत होतं, कारण तिची एकेक पापणी मोजता येईल इतका मी बारीक बघतो. पण मला बोलता येत नाही. मला नुसतं दाखवता येतं.

मी दाखवलं. माझ्या भावानेही दाखवलं. बाबांनी आम्हा दोघांच्या कच्च्या फाइली दोन वेगवेगळ्या प्रोग्रामांत उघडल्या आणि संगणकाच्या पडद्यावर चार खारू शेजारी शेजारी मांडल्या. चारही पिवळट होत्या. गाल, कपाळ, आणि डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. तिच्या हातातल्या कार्डावरचा राखाडी चौकोन मात्र चारही ठिकाणी अगदी राखाडीच होता. म्हणजे उजेडात खोट नव्हती. बाबांच्या हे लक्षात आलं. म्हणून त्यांनी ठरवलं की खोट कॅमेऱ्यांत आहे. चार साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते आणि बाबांनी चौघांनाही खोटं ठरवलं.

खारूची आई हात पुसत दारात आली होती. ती पडद्याकडे बघत राहिली.

"अरे, ही पिवळी दिसतेय."

"अगं, कॅमेऱ्यांचं आहे ते. दोघंही पिवळ्याकडे झुकतात. हा जुना तर जास्तच."

"कॅमेऱ्यातलं नाही म्हणत मी. सकाळी दात घासतानाही मला तशीच वाटली."

"बाथरूमचा बल्ब बघितलास का? त्याच्याखाली मीही लिंबासारखा दिसतो. तुझं आपलं काहीतरी."

आईचं 'आपलं काहीतरी' घरात प्रसिद्ध होतं. खारूला एक शिंक आली की तिच्या हातात थर्मामीटर असे. एकदा डास चावल्याची गांधी दाखवायला ती मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. तो किस्सा पाहुण्यांना अजून सांगितला जायचा. सांगणाऱ्यांत तीही असे, हसायचीही. त्यामुळे आपल्याला जे दिसतं ते खरं की आपली काळजीच तसं दाखवते, हे तिला आताशा कळेनासं झालं होतं.

बाबांनी फाइलीतला पिवळा हळूहळू उतरवला, तांबडा थोडा चढवला. पडद्यावर खारू गुलाबी झाली.

"बघ. ही खरी."

आईने खूप वेळ बघितलं. मग तिने श्वास सोडला आणि ती आत गेली. बरं वाटावं असं काही समोर आलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो. मी तिला कधीच दोष देणार नाही.

बाबांनी ती मापं एका नावाखाली जपून ठेवली. अशा जपलेल्या मापांना प्रीसेट म्हणतात. नाव दिलं 'खारू'. त्यानंतर तिची कोणतीही फाईल उघडली की ती मापं आपोआप लागत. माझी कच्ची खारू पुन्हा कोणाच्या नजरेला पडली नाही. तुलनेच्या लेखात बाबांनी लिहिलं की त्वचेच्या रंगात नवा कॅमेरा सरस आहे, जुना फार पिवळा दाखवतो. भाऊ दुकानात परत गेला. मला वाईट वाटलं. त्या वेळी मला स्वतःचंच वाईट वाटलं, हे आज सांगायलाही नको वाटतं.

एक संधी आली होती. बँकेतले एक साहेब फोटो काढायला आले. चुकून त्यांच्या फाइलीला खारूची मापं लागली आणि साहेब पिकलेल्या टोमॅटोसारखे लालबुंद झाले. बाबा पोट धरून हसले. मी मनात म्हणत होतो, बाबा, थांबा, विचार करा. माझा रंग खोटा असता तर याच मापांनी साहेबही नीट दिसले असते ना? पण बाबांनी काढलेला अर्थ निराळा होता. प्रत्येक त्वचेला वेगळं माप लागतं, असं त्यांनी ठरवलं आणि त्यावर एक छान लेख लिहिला.

शाळा सुरू झाली. खारूचा डबा अर्धा परत येऊ लागला. पोटात कसंतरी होतं, असं ती एकदोनदा म्हणाली. गृहपाठ झाला नाही की मुलं असं म्हणतात, असं म्हणून ते राहून गेलं. रविवारी ती न सांगता स्टुलावर येऊन बसे. फोटो सुंदर निघत, एकही हललेला नाही. आई दारात येऊन पडदा बघे. मुलगी गुलाबी दिसली की तिच्या कपाळावरची आठी मोडे. रोज बघणाऱ्याला रोजचा बदल दिसत नाही म्हणतात. तिला तरीही दिसत होता. पण पडदा तिला दर रविवारी खोटं पाडत होता.

खारूनेच एकदा पडद्यावर बोट ठेवलं.

"बाबा, ही कोण?"

"ही तू."

"मी नाही. आरशात मी अशी नाहीये."

बाबा म्हणाले, आरशापेक्षा हा पडदा फार महाग आहे. ती हसली नाही. स्टुलावरून सावकाश उतरली, आधी एक पाय, मग दुसरा, आणि आत जाऊन झोपली. भर दुपारी.

मग आत्या आली. पुष्कळ महिन्यांनी येत होती. दारात चप्पल काढता काढता तिने भाचीची हनुवटी वर केली आणि तिची पिशवी हातातच राहिली. तिने विचारलं, हिचे डोळे असे कधीपासून आहेत? आत्याने चप्पल पुन्हा घातली. तिघं मोठी माणसं आणि खारू तशीच दवाखान्यात गेली. बाबांनी तिला कडेवर घेतलं होतं. कडेवर घेण्याचं तिचं वय नव्हतं, तरी तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली.

पुढचं मी घरात ऐकलेल्या बोलण्यातून जोडलं आहे. खारूचं यकृत बिघडलं होतं. हा आजार दबक्या पावलांनी येतो, लवकर सापडला तर औषधांनी आटोक्यात राहतो. डॉक्टरबाईंनीही तेच विचारलं, पिवळेपणा कधीपासून आहे. बाबा म्हणाले, घरी जाऊन सांगतो.

ते एकटेच आले, खारू आणि आई दवाखान्यातच होत्या. खिडकीचा पडदा बाजूला केला नाही, दिवा लावला नाही. संगणक सुरू करून त्यांनी खारूचा शेवटचा फोटो उघडला आणि मापं शून्यावर आणली. मग त्याच्या आधीच्या रविवारचा. मग त्याच्या आधीचा. एकेक गुलाबी खारू पिवळी होत गेली. ते मागे मागे जात राहिले, थेट उन्हाळ्यापर्यंत, माझा भाऊ आला होता त्या दिवसापर्यंत. तिथे चार खारू होत्या. बाबांनी त्या बराच वेळ बघितल्या. मग त्यांनी फोन लावला आणि आईला म्हणाले, "तू म्हणालीस त्या दिवसापासून." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

खारू घरी आली नाही.

घरात माणसं आली, गेली. आत्या राहिली. स्टूल भिंतीकडे सरकवलेलं होतं. एके दिवशी भिंतीवर लावायला फोटो निवडायची वेळ आली. आत्या म्हणाली की गुलाबी फोटोंतला एखादा लावा, छान दिसते पोर त्यात. या घरात रंगाबद्दल बोलायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असा बाबांचा चेहरा होता. खेळत्या, हसऱ्या खारूचे फोटो त्यांनी शोधले. ते हललेले होते म्हणून कधीच पुसले गेले होते. आईच्या फोनमध्ये थोडे सापडले. ते आईने कोणाला दिले नाहीत, स्वतःजवळ ठेवले.

भिंतीसाठी तिने मी काढलेला फोटो निवडला. कच्चा, मापं न लावलेला.

आत्या म्हणाली, "अगं, रोज ते डोळे बघवतील का तुला?"

"नाही बघवणार," आई म्हणाली. "पण ती अशी होती, तेव्हा आपण तिच्याकडे बघितलंच नाही. आता बघायचं."

बाबांनी तो फोटो स्वतः छापला. रंगाला हात लावला नाही. कागद बाहेर येत होता तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते. मग त्यांनी माझ्या तोंडावर झाकण लावलं आणि मला वर ठेवलं. रागाने नव्हे. फार हळू ठेवलं, झोपलेल्या मुलाला ठेवतात तसं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. माझ्यावर बसली तर बसू द्या. तुमच्या घरातलं कोणी गप्प गप्प झालं असेल, ताटात अन्न टाकत असेल, खेळायचं सोडून नुसतं बसून राहत असेल, तर हातातला फोन खाली ठेवा आणि त्याला उजेडात नेऊन त्याच्या डोळ्यांत बघा. काळजी करणाऱ्या माणसाला हसू नका. दहा वेळा त्याचं चुकेल, तरी अकराव्यांदा ऐका. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल, पोटात कसंतरी होत असेल, तर सांगा. कोणी म्हणालं, तुझं आपलं काहीतरी, तर पुन्हा सांगा. हात धरून सांगा, रडून सांगा, शहाण्यासारखं गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.