बाबांसाठी पाकीट

"चंद्राभाई, बुरा मत मानना," दुधाची बाटली पुढे सरकवत फारूक म्हणाला, "पर आजकल आप बहुत पीने लगे हो. रमजान का महीना है, थोडा कम करो."

फारूकचं दुकान बिल्डिंगच्या खालीच होतं. बकाला म्हणत त्याला सगळे. चंद्रहास हसला. नाशिकहून कुवेतला येऊन रिफायनरीत पंप दुरुस्त करण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. दिवसाला एक पाकीट, त्यावर एकही सिगारेट नाही, हा नेम त्याने बायकोचं बोलणं खातही पाळला होता.

"ज्यादा कहां? एक ही तो लेता हूं."

"एक आप ले जाते हो, एक बच्चा ले जाता है. बोलता है, बाबा के लिए."

चंद्रहासचं हसू ओठांवरच राहिलं. निखिलला पाकीट आणायला त्यानेच लावलं होतं, तेही पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून. चार मजले उतरायचा आळस, दुसरं काय! पोरगा धावत जाई, पाकीट आणी, उरलेल्या सुट्ट्या पैशांचं चॉकलेट खाई. रिग्गईच्या त्या गल्लीतले निम्मे बाप हेच करत, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे. पण यंदा निखिलची दहावी. मेपासून चंद्रहासने त्याला एकदाही खाली पाठवलं नव्हतं.

"हां," तो म्हणाला, "कम करता हूं."

जिना चढताना त्याला धाप लागली. ती आज सिगारेटची नव्हती.

वर शर्मिला त्याचीच वाट बघत होती. "आता तुम्हीच बोला त्याच्याशी. रोज चार वाजले की डोकं दुखतं म्हणतो. डोळे तपासून आणले, नंबर नाही. काही विचारावं तर अंगावर येतो. दहावीचं एवढं टेन्शन घेतात का कोणी?"

चंद्रहासने आतल्या खोलीत डोकावलं. पुस्तक उघडं होतं आणि निखिलचा गुडघा टेबलाखाली शिवणयंत्रासारखा हलत होता. हा गुडघा चंद्रहास ओळखत होता, कारण तो त्याचाच होता. रिफायनरीच्या गेटवर सकाळी लायटर काढून घेत. अकरा वाजले की त्याचा पाय असाच हलू लागे, हातातला पाना नटावरून सटके आणि हाताखालच्या माणसांना विनाकारण बोलणी बसत. पोराला नाक बापाचं मिळालं म्हणून शर्मिलाच्या माहेरी किती कौतुक झालं होतं. आता हेही मिळालं होतं.

रात्रभर त्याने काय काय बोलायचं ते जुळवलं. त्यात दोन थोबाडीतही होत्या. सकाळी मात्र तो कंपनीच्या दवाखान्यात नर्स रहिमापुढे जाऊन बसला. मित्राच्या मुलाची गोष्ट म्हणून त्याने सगळं सांगितलं. रहिमाने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "इस उमर में जल्दी पकडता है, भाईसाब. बडे को सालों लगते हैं, बच्चे को कुछ हफ्ते. लत लगने के लिए रोज पीना भी जरूरी नहीं. उसको मारना मत. पहले तीन दिन सबसे भारी होते हैं, कोई साथ रहे तो अच्छा." मग तिने विचारलं, "मित्र खुद पीता है क्या?"

त्या संध्याकाळी त्याने निखिलला गाडीत घातलं. "आय हॅव टु स्टडी, बाबा," असं तो दोनदा म्हणाला, पण आला. उपास सोडायची वेळ जवळ आलेली, सगळा गाव घरी पळालेला. शर्कच्या समुद्राकाठी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"फारूककडून पाकीट कोणासाठी नेतोस?"

खोटं बोलायला निखिलने तोंड उघडलं आणि मिटलं.

"क्लासनंतर ओढायचो," शेवटी तो म्हणाला. "फक्त थर्सडेला. एकच, तीपण चौघांत. पहिल्यांदा तर मला उलटी झाली, बाबा. मला आवडलीपण नव्हती."

"मग?"

"मग थर्सडेची वाट बघायला लागलो. नंतर युनिट टेस्टच्या आधी एक. मला वाटायचं, आय कॅन स्टॉप एनी टाइम. रमजान लागला तेव्हा ठरवलं, दिवसा नाहीच ओढायची. दुसऱ्याच दिवशी शाळेमागे..." त्याचा आवाज चिरकला. "नाही ओढली तर वाचलेलं डोक्यातच जात नाही. समहाऊ मी मूर्ख झालोय असं वाटतं."

रमजानात दिवसा रस्त्यावर सिगारेट ओढताना पोलिसांनी धरलं तर दंड किंवा तुरुंग होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. रात्री जुळवलेलं सगळं बोलणं चंद्रहास विसरला.

"मूर्ख नाहीस तू. तुला लागलीय ती. आणि पाकीट कसं आणायचं ते मी शिकवलं तुला. सोडू आपण."

"तुम्ही सोडाल?"

चंद्रहासने स्टिअरिंगवरचे हात बघितले. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याला शर्मिलाने शंभरदा विचारला होता आणि त्याने शंभरदा विनोद केला होता. दूर मशिदीत अजान सुरू झाली. शहर आता पाणी पिणार, खजूर खाणार आणि निम्मे पुरुष पहिली सिगारेट पेटवणार. त्याच्या खिशात पाकीट होतं.

"सोडतो," तो म्हणाला. भीती वाटली त्याला, खरीखुरी.

पुढचे तीन दिवस घरात दोन जखमी वाघ होते आणि शर्मिला एकटी. आमटीला मीठ कमी पडलं म्हणून एकाने ताट सरकवलं, दुसऱ्याने दार आपटलं. अजान झाली की बापलेक घराबाहेर पडत आणि पाय दुखेपर्यंत चालत. चौथ्या दिवशी काम लांबलं आणि अजान झाल्यावर गेटबाहेर चंद्रहासच्या सोबत्याने सवयीने पाकीट पुढे केलं आणि याने सवयीने सिगारेट घेतली. अर्धी संपल्यावर त्याला कळलं आपण काय करतोय ते.

घरी सांगितलं नसतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. तो सरळ आतल्या खोलीत गेला.

"निखिल, मी आज ओढली."

पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. चंद्रहासला वाटलं, संपलं, आता याच्यापुढे आपलं तोंड नाही.

"मी काल," निखिल हळूच म्हणाला. "सांगायची हिंमत नव्हती."

दोघे पलंगावर शेजारी बसले. मग निखिलने विचारलं, "उद्यापासून परत डे वन?"

"परत दिवस एक."

ईद येईपर्यंत असा दिवस एक त्यांनी आणखी दोनदा मोजला. नंतर मोजायची गरज कमी पडत गेली, डोकेदुखी गेली, आणि जानेवारीत कधीतरी शर्मिलाच्या लक्षात आलं की पोरगा जेवताना पुन्हा तिची थट्टा करू लागलाय.

मार्चमध्ये गणिताच्या पेपरला चंद्रहासने रजा काढली. परीक्षेच्या शाळेबाहेर तीन तास बापांचा घोळका उभा होता आणि त्यातल्या अर्ध्यांच्या तोंडातून धूर निघत होता. एकाने पाकीट पुढे केलं. "नको," चंद्रहास म्हणाला. त्याचा गुडघा हलत होता. तो रस्ता ओलांडून उन्हात जाऊन उभा राहिला.

घंटा झाली. निखिल फाटकातून बाहेर आला, घामेजलेला, बोटांना शाई लागलेली. पेपर कसा गेला ते काही न बोलता तो बापाच्या अगदी जवळ आला आणि त्याच्या शर्टाचा वास घेतला. मग स्वतःची कॉलर ओढून पुढे केली.

चंद्रहास वाकला. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, त्याने सावकाश वास घेतला. नुसता घाम होता.