सत्तरावा मणी

मित्रांनो, मी शंभर मण्यांची एक जुनी माळ आहे. हल्ली शंभर म्हणतानाच माझा दोरा थरथरतो. का, ते ऐका.

मला सुकेशनी मॅडमनी ओवलं. सोनपेठच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानातून त्यांनी लाल आणि पांढरे मणी आणले. दहा लाल, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असं करत मी शंभराची झाले. गोदावरीच्या काठाजवळच्या एका लहानशा शाळेत, दुसरीच्या वर्गात, फळ्याखाली दोन खिळ्यांना मला आडवं बांधलं. मॅडम अंक सांगायच्या आणि मुलं तेवढे मणी मोजून कपडे वाळत घालायचा चिमटा मला लावायची.

"घाई नाही कुणाला," मॅडम म्हणायच्या. "ज्याला एकेक मोजायचं त्यानं एकेक मोजावं. ज्याला दहा-दहाच्या उड्या मारायच्या त्यानं उड्या माराव्यात."

किती तरी वर्षं मी अशी राबले. खिचडीचे हात लागून लागून माझे मणी गुळगुळीत झाले. जी मुलं घाबरत यायची तीच जाताना माझ्यावरून बोट फिरवत जायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग यंदाच्या दिवाळीनंतर ते घडलं. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. मधल्या सुट्टीत दोन पोरांनी मला दोन्हीकडून ओढलं आणि माझा दोरा तुटला. मणी वर्गभर सांडले. शाळा सुटल्यावर मॅडमनी गुडघ्यांवर बसून ते वेचले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, ती शेवटची जीप होती. त्यांनी भराभर ओवलं, गाठ मारली आणि त्या पळाल्या.

एक मणी दाराखालच्या फटीत गेला होता. माझ्या सातव्या दहाच्या रांगेत, लाल रंगात, दहाऐवजी नऊच मणी होते. मला ते तेव्हाच समजलं. पण माळेला तोंड कुठे असतं?

साहेब आले. "सत्तर दाखव," म्हणाले. बालाजीनं रंग बघत उड्या मारल्या आणि सातव्या रांगेच्या शेवटी, लाल संपतं तिथं, चिमटा लावला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवसापासून वर्गात ठरूनच गेलं की लाल संपलं की सत्तर.

फक्त भक्ती तसं करायची नाही. ती एकेक मण्यावर बोट टेकवायची, ओठ हलवायची. साठपर्यंत तिचं कधीच चुकलं नाही. पण सत्तर म्हटलं की तिचा चिमटा एक मणी पुढे, पांढऱ्यावर जायचा.

"आगं भक्ते, लाल संपल्यालं बी दिसंना का तुला?" बालाजी ओरडायचा आणि सगळे हसायचे.

"मॅडम, मोजलं की हितंच येतंय," भक्ती म्हणायची. "पुन्हा मोज बरं, बाळा," मॅडम म्हणायच्या. रागावून नव्हे, मायेनं. ती पुन्हा मोजायची, पुन्हा पांढऱ्यावर यायची. तिचं बोट माझ्यावर आधी घट्ट टेकायचं. हळूहळू ते निसटतंच टेकायला लागलं. मग एक दिवस तिनं बोट टेकवलंच नाही. बालाजीकडे पाहिलं आणि लाल संपतं तिथं चिमटा लावून टाकला.

"शाब्बास! जमलं की," मॅडम म्हणाल्या. मित्रांनो, माझा दोरा पिळवटून निघाला.

संक्रांतीनंतर पालक सभा झाली. बाकीचे पालक गेले तरी भक्तीची आई, माधवी, थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मॅडम, घरी ही सारखी मोजायची. भाकरी, कोंबड्या, जे दिसंल ते. आता किती हायत इचारलं की म्हंती, तूच सांग. सकाळी पोट दुखतंय म्हंती. मला लय भ्या वाटायलंय."

"उलट आता सुधारलीय ती," मॅडम म्हणाल्या. "भक्ती, आईला सत्तर दाखव."

भक्तीनं लगेच लाल संपतं तिथं चिमटा लावला.

"तू मोजलं न्हाईस," आई म्हणाली.

"हितं मोजायचं नसतंय आई. रंग बघायचा आन् लावायचं."

आई पुढे आली. मग माझ्यासमोर फरशीवर बसली. तिनं भक्तीचं बोट आपल्या हातात धरलं आणि पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. चिमट्यापाशी आल्या तेव्हा दोघी म्हणाल्या, "एकोणसत्तर."

पुन्हा मोजलं. एकोणसत्तर.

दारात रेंगाळलेली पोरं आत आली. मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांनी माझी सातवी रांग चिमटीत धरून एकेक मणी सरकवला.

"नऊच हायत," त्या म्हणाल्या. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडून घरचं बोलणं निघालं. "आगं माय, नऊच हायत!"

"म्हंजी आमी समदे चुकलाव?" बालाजी पुटपुटला.

मॅडम भक्तीसमोर खाली बसल्या. त्यांचे डोळे भरले होते. "बाळा, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं मॅडम," भक्ती म्हणाली. "तुमी म्हणलाव, पुन्हा मोज."

ज्यांनी मला पोरांना धीर यावा म्हणून ओवलं, त्यांच्याच घाईनं आणि माझ्या एका मण्यानं एका मुलीचा तिच्या स्वतःच्या बोटावरचा विश्वास गेला होता. तीन महिने! ते आठवलं की मला अजून धक्का बसतो.

सोमवारी मॅडमनी सगळ्या वर्गासमोर भक्तीची माफी मागितली. लाल मणी मिळाला नव्हता, म्हणून हिरवा आणला होता. तो भक्तीनंच ओवला. मग ती मला मोजायला बसली. एक्केचाळीसला अडखळली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. बालाजीनं तोंड उघडलं, पण मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. खिचडीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी हळू मोजत असेल, त्याचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं येत असेल, तर हसू नका. पुन्हा मोज, असं लांबून सांगूही नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या बोटाबरोबर तुम्हीही मोजा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.