दरबाराच्या चित्रातली जागा

गास्पारो दुभाष्याची लेक लग्न होऊन समुद्रापलीकडं मार्सेलला गेली, तेव्हा त्याची दाढी काळी होती. बायको त्याआधीच गेलेली. इकडं सुलतानाच्या शहरात, गलात्याच्या चढावरच्या घरात मागं उरले तो आणि चूल.

यंदा फ्रान्सचा राजदूत सुलतानाला भेटला, मधे बोलणं पोचवायला गास्पारोच होता. त्या भेटीचं मोठं चित्र काढायचं आणि मार्सेलच्या व्यापाऱ्यांच्या सभागृहात लावायचं ठरलं. गास्पारोच्या मनाला पालवी फुटली. येता-जाता लेक बघेल, सोबतिणीला सांगेल, हा माझा बाप.

चित्रकार एमेरिकला दरबारात शिरायला मिळालं नव्हतं. म्हणून गास्पारोच त्याच्या खोलीवर जाऊन उभा राहू लागला. कधी तो राजदूत व्हायचा, कधी राजदूताच्या बाह्या दोन्हीकडून धरून चालणाऱ्या दरबाऱ्यांपैकी एक. अंगरखा कुठवर, पाऊल कुठवर, सगळं सांगायचा. चुकलं की पुसायला लावायचा.

शेवटी त्याची स्वतःची जागा आली, राजदूताच्या शेजारी, सुलतानाची म्हणून मांडलेल्या गादीसमोर. गास्पारोनं दाढी विंचरली, केसाळ टोपी सारखी केली, उभा राहिला. आणि मान आपोआप खाली गेली.

"वर बघा की, काका," एमेरिक म्हणाला. "सुलतान कुठाय इथं? गादीवर माझं मांजर बसलंय."

गास्पारो हसला, मान वर केली. मांजरानं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि त्याची नजर पुन्हा फरशीवर उतरली. एमेरिकनं मांजर हाकललं, गादी उचलली, खिडकीतून दिसणारी गलबतं बघायला सांगितलं. पण त्या जागी पाय टेकले की हनुवटी छातीला भिडायची. सुलतानापुढं जन्मभर मानेनं एवढंच पाळलं होतं.

"बरं, घरी बघता तसं तरी बघा."

"घरी मान वर करायला समोर कुणीतरी लागतं रे," गास्पारो म्हणाला.

एमेरिकनं कुंचला उचलला. होता तसाच त्यानं त्याला रंगवला: टोपी, दाढीचं टोक, जुळलेले हात. चेहरा नाहीच.

चित्र वाळलं, ते मार्सेलला धाडायची पेटी आली. गास्पारो बराच वेळ चित्रासमोर उभा होता. मग हळूच म्हणाला, "तिकडं सांगशील? चित्र उंचावर लावा म्हणावं. खालून बघितलं की टोपीखालचा चेहरा दिसेल तिला."

एमेरिक कुंचले धुत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"सांगतो, काका," तो म्हणाला.